परण्याच्या चालीची गाडी

"माणूस काय आन इंजन काय, सर, दम बरोबर पायजे. दम बरोबर बसला की बाकीचं आपोआप हुतंय."

हे मामू डोळे अर्धे मिटून म्हणायचे आणि म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं गाडीच्या बॉनेटवर टेकवायचे, डॉक्टर रोग्याच्या पाठीवर टेकवतात तशी. मठाच्या भिंतीवर रंगवून घ्यावं असं वाक्य. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी सुरू होत नव्हती. सेल्फ मारला की खोकायची, दोन उसासे टाकायची आणि गप्प व्हायची. सगळी दुपार अशी गेली. शेवटी कळलं की इंजिनात जाणारी हवा गाळणारा नवा एअर फिल्टर मामूंनी प्लास्टिकच्या पिशवीसकट बसवला होता.

"पिशवी काढायची असतीय व्हय?" मामू म्हणाले. आवाजात शरम नव्हती, नवल होतं. "आमी तर माल गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत पिशवी काढत न्हाय."

मामू मेकॅनिक नव्हते. त्यांनी जन्मभर कापड विकलं होतं.

नळदुर्गात हायवे सोडून आत आलं की बाजारपेठेत त्यांचं दुकान लागतं. मी त्यांच्या घरासमोर राहतो. हायस्कुलात इतिहास शिकवता शिकवता मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो, म्हणून गाव मला सर म्हणतं आणि घरात इंग्रजी कागद आला की माझ्याकडे घेऊन येतं. मामू नक्की कुणाचे मामा होते ते मला अखेरपर्यंत कळलं नाही. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना मामूच म्हणायची. असा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल: तुम्ही एक साडी मागता, तो वीस उलगडतो, आणि तुम्ही काहीच न घेता उठलात तर चहा पाजून पाठवतो, म्हणजे पुढच्या वेळी उठायची लाज वाटावी.

आमच्या भागात लग्नाचं कापड दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात दिवसभर बसून घ्यायचं असतं. त्याला बस्ता म्हणतात. बस्ता कुणाकडे बांधायचा यावर घराघरांत तह आणि लढाया होतात. मामूंनी त्यावर एक तोड काढली होती. त्यांनी कुठूनतरी एक जुनी मोटार मिळवली, सोलापूरच्या वेल्डरकडून तिचं छप्पर कापून घेतलं, मोतिया रंग दिला आणि दुकानावर पाटी लावली: बस्ता आमच्याकडे, परण्याला गाडी आमची.

लग्न लागण्याआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जाऊन येतो, तो परण्या. पूर्वी घोडा असायचा. मामूंच्या गाडीने आमच्या गावातला घोडा जवळजवळ संपवला. मुसलमानांच्या लग्नात तीच गाडी नवरदेवाला मशिदीपर्यंत न्यायची. गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही, कारण तिच्यात त्या कंपनीचं फारसं काही उरलेलं नव्हतं.

तिच्यात एकच दोष होता. परण्याच्या चालीने चालवली की ती बंद पडायची.

मामू हा शब्द वापरत नसत. "बंद न्हाय पडली," ते म्हणायचे. "थांबलीया." मग नवरदेवाचे दोस्त खाली उतरून ढकलायचे. मामू स्टिअरिंगवर बसून पुढे बघत राहायचे, जणू ढकलणं हाही परण्याचा विधीच आहे.

हे बरीच वर्षं खपलं. मग एका पुढाऱ्याच्या पुतण्याचं लग्न आलं. गावभर फ्लेक्स लागले होते. त्यांवर नवरा-नवरी अंगठ्याएवढी आणि काका दाराएवढे. परण्यात काका स्वतः गाडीच्या मागच्या सीटवर उभे राहिले, एक हात नवरदेवाच्या फेट्यावर आणि दुसरा जनतेकडे. ओढ्याच्या पुलाजवळ थोडा चढ आहे. तिथे बँडवाले थांबले, पोरं नाचू लागली, चैत्राचं ऊन डांबरातून वर येऊ लागलं आणि गाडी थांबली. नुसती थांबली नाही, हळूच मागे आली. मागे सनईवाला होता. तो चपळ निघाला. काका खाली बसले, तेही ठरवून नाही. बाकीचा परण्या पायी निघाला. नवरदेवाच्या पायात टोकदार मोजड्या होत्या. त्याचं लग्न लागलं तेव्हा तो एका पायावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मामूंचा मुलगा दुकानातून घरी आला आणि ओसरीवर बसला. दुकान आता तोच बघतो. मीही तिथेच होतो. आमच्याकडे घरातली भांडणं शेजाऱ्यांना उठून जायला लावत नाहीत.

"अब्बा, लोक गाडीचं नाव घेत न्हाईत. दुकानाचं घेतेत. काल एक बाई इचारत हुती, ह्या साडीचा रंग तरी शेवटपर्यंत जातोय का, का मधीच थांबतोय?"

मामू हसले. मुलगा हसला नाही. हायवेवरच्या एका ढाब्याच्या मालकाला ती गाडी हवी होती. दाराशी उभी करायची, दिव्यांची माळ सोडायची, येणारेजाणारे तिच्यात बसून फोटो काढतील. मुलाने त्याला जवळजवळ होकार दिला होता.

"उभी करायची?" मामू म्हणाले. "रस्त्याच्या कडंला? म्हशीवानी?"

"म्हस दूध तरी देतीय, अब्बा."

मामूंनी आयुष्यात दुकान मुलाच्या हाती दिलं होतं, घराचे व्यवहार दिले होते, पाहुण्यांत बोलायचा मानही दिला होता. स्वतःसाठी ठेवली होती ती ही एक गाडी, आणि परण्यात पुढे बसून अख्ख्या गावाला सलाम करत जाण्याचं सुख. शेवटी बापलेकांत ठरलं ते असं: हंगामाच्या शेवटी आडतीवाल्या अप्पांच्या घरचं लग्न होतं. अप्पा लिंगायतांतले मोठे व्यापारी, आणि त्यांचा बस्ता म्हणजे दुकानाचा वर्षातला सगळ्यात मोठा. त्यांच्या परण्यात गाडी न थांबता गेली आणि आली तर राहील. थांबली तर ढाब्यावर.

"थांबली आन बंद पडली, दोनी एकच धरणार म्या," मुलगा उठताना म्हणाला. बापाला तो ओळखत होता.

दोष कार्बोरेटरचा होता. हे मला मामूंनी सांगितलं आणि मामूंना सोलापूरच्या मेकॅनिकने. जुन्या पद्धतीत इंजिन जेवढं ओढेल तेवढं पेट्रोल येतं. रणरणत्या उन्हात, माणसाच्या चालीने, तासभर गाडी रांगली की ते पेट्रोल वाटेतच उकळतं. त्यावर उपाय म्हणून मेकॅनिकने दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन काढून हिला बसवलं. म्हणजे पेट्रोलचे बारीक फवारे आणि ते किती उडवायचे हे ठरवणारा एक छोटा कॉम्प्युटर. पण त्या कॉम्प्युटरला ह्या इंजिनाची ओळख नव्हती. कुठल्या वेगाला, किती ओझ्याला, किती गरमीत किती पेट्रोल, हे त्याला एक एक करून शिकवावं लागतं. त्यालाच ट्यूनिंग म्हणतात. मेकॅनिक म्हणाला, बसवायचं काम माझं होतं, ट्यूनिंग पुण्याला करून आणा.

"पुण्याचा माणूस परण्यात नाचलाय का कधी?" मामूंनी त्याला विचारलं आणि गाडी टेम्पोवर घालून परत आणली.

ते स्वतः शिकणार होते. दुकानाच्या हिशेबाचा जुना लॅपटॉप त्यांनी मागून घेतला आणि शिक्षक मोबाईलवर शोधले. सगळे परदेशी, सगळे तरुण, सगळे भराभर बोलणारे. म्हणून मी लागलो.

मला इंजिनातलं काही कळत नाही, इंग्रजी मात्र बऱ्यापैकी येतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस किती घातक होतो ते मला तेव्हा कळलं. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असलेल्या मिश्रणाला ते लोक 'रिच' म्हणतात, उलट असेल तर 'लीन'. मी सरळ भाषांतर केलं: श्रीमंत आणि रोडकं. मामूंनी मान हलवली.

"नक्को सर. हे दाट वीण आन विरळ वीण हाय. दाट झालं की काळा धूर, विरळ झालं की झटके."

माझं इंग्रजी त्या दिवशी बाद झालं. आम्ही पुढे दाट आणि विरळ असंच बोलत राहिलो. धुराच्या नळीत एक सेन्सर बसवलेला होता. तो धूर हुंगून सांगायचा की मिश्रण दाट आहे का विरळ, आणि लॅपटॉपवर त्याचा आकडा हलायचा. मामू त्याला 'मुकादम' म्हणायचे.

ट्यूनिंगचा खरा कारभार पडद्यावरच्या एका तक्त्यात असतो. आडवे-उभे चौकोन, प्रत्येकात एक आकडा. इंजिन इतक्या वेगात आणि इतक्या ओझ्याखाली असेल तर पेट्रोल इतकं. आकडा कमी असेल तर चौकोन निळा, मग हिरवा, पिवळा, आणि जास्त असेल तर लाल. मामूंनी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"सर, हे तर चौकडीचं कापड हाय."

त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आणि तिथेच घात झाला. एका सकाळी गाडी अशी उड्या मारू लागली की शेजारच्या कोंबड्या दिवसभर माळ्यावरून उतरल्या नाहीत. मी विचारलं, काय केलंत?

"काय न्हाय. मधी एक चौकोन पिवळा हुता. सगळीकडं हिरवं आन मधीच पिवळं. डोळ्याला खुपत हुतं."

"म्हणून?"

"म्हणून त्येला हिरवा केला."

"मामू, तो रंग नाही. ते पेट्रोल आहे."

"ते खरं हाय," मामू म्हणाले, "पर मॅचिंग किती चांगलं दिसतंय बघा की."

दुसरी खोड त्याहून वाईट. शिकवणारी सगळी पोरं एक गोष्ट घसा फोडून सांगत होती: एका वेळी एकच बदल करा, मग गाडी चालवून बघा. मामूंच्या हातांना ही सवय नव्हती. गिऱ्हाईक समोर बसलं की वीस साड्या उलगडणारा माणूस. ते एका बैठकीत पाचसहा ठिकाणचे आकडे बदलायचे, आणि गाडी सुधारली तर कशाने आणि बिघडली तर कशाने, हे दोन्ही गूढ राहायचं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी स्वतःशीच तोडगा काढला. मांडीवर एक उपरणं घेतलं. बदल करण्याआधी ते उलगडायचं, गाडी चालवून बघायची, परत येऊन घडी घालायची. घडी घातल्याशिवाय दुसरा बदल नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस गाडीजवळ बसून पुन्हा पुन्हा एकच उपरणं का घडी करतोय. पण त्या दिवसापासून गाडी खरोखर सुधारू लागली.

अडचण अशी होती की जगातले सगळे शिक्षक गाडी पळवायला शिकवत होते. शर्यत, वेग, टायरांतून धूर. हळू चालायला कुणीच शिकवत नव्हतं. मामूंनी माझ्याकडून एका परदेशी चर्चागटावर इंग्रजीत प्रश्न लिहून घेतला: आमची गाडी माणसाच्या चालीने तासभर चालली पाहिजे, मध्ये मध्ये उभी राहिली पाहिजे, आणि बंद पडता कामा नये. एकाने विचारलं, इंजिन किती घोड्यांचं आहे? मामूंनी उत्तर लिहायला सांगितलं की आमच्याकडे आधी एकच घोडा होता आणि तोही यापेक्षा बरा चालायचा. त्यावर बरेच हसरे चेहरे आले. एका म्हाताऱ्या गृहस्थाने मात्र नीट सांगितलं की तक्त्याचा डावीकडचा खालचा, कमी वेगाचा आणि कमी ओझ्याचा कोपरा बघा; तिथले चार-सहा चौकोन सोडून बाकी सगळं विसरा. मामूंनी दोन्ही हात जोडले. मोबाईलला.

मग महिनाभर आमची दुनिया म्हणजे तो कोपरा. बाजारतळावर आठवडी बाजार नसेल त्या दिवशी आम्ही गाडी न्यायचो. मामू चालवत, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन. दाट, विरळ, घडी, पुन्हा. अखेर ती गाडी रांगत्या पोरासारखी चालू लागली, एका तालात, न खोकता. मामू खाली उतरून तिच्याबरोबर चालत एक चक्कर घेऊन आले. मी आत एकटा होतो आणि मला गाडी चालवता येत नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"झालं!" मामू म्हणाले.

झालं नव्हतं. अप्पांच्या लग्नाआधी अणदूरला मामूंच्या साडूच्या घरी शादी निघाली. घरचंच काम. गाडी फुलांनी सजवली, बँड लागला, आणि मशिदीच्या वाटेवर निम्म्यात गाडीने काळा धूर सोडला, दोनदा शिंकली आणि थांबली. मामू पुढे बघत बसले. पण ह्या वेळी त्यांचा तो जुना विधीवाला चेहरा जमला नाही.

मुलगा जवळ आला. वाटलं, आता बोलणार. तो नुसता म्हणाला, "हे घरचं हुतं, अब्बा. हे धरत न्हाय." आणि बाही वर करून सगळ्यांच्या आधी त्यानेच गाडीला हात लावला.

परत येताना मी लॅपटॉपवर नोंदी बघत होतो. इंजिन भट्टीसारखं तापलेलं, बाहेर वैशाख, आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान असं दिसत होतं की जणू आम्ही महाबळेश्वरात होतो. मी मामूंना दाखवलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून पुढे गेले आणि जाळीवर लोंबणाऱ्या झेंडूच्या माळांत हात घातला. फुलवाल्याने फुलं कोमेजू नयेत म्हणून भरपूर पाणी मारलं होतं. त्या माळांच्या मागेच हवेची गरमी मोजणारा सेन्सर होता.

"सर, आपण ह्याला कूलर लावला की वो!"

मला कळलं नाही. मामू हातवारे करून सांगू लागले. "ओल्या फुलांतनं वारा येतोय, ह्यो बेटा गारव्यात बसलाय. त्याला वाटतंय थंडी पडली. म्हणून वर सांगतोय, पेट्रोल वाढवा. आन इंजन तिकडं भट्टीत. मग हुणार न्हाय दाट?"

महिनाभर आम्ही नागडी गाडी शिकवत होतो आणि लग्नात सजलेली नेत होतो. ही चूक त्या परदेशी पोरांपैकी कुणी केली नसती. त्यांच्या गाड्यांना कुणी हार घालत नाही.

सेन्सर त्या जागेवरून काढून फिल्टरच्या तोंडाशी बसवायला तासही लागला नाही. पण मामूंचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. "जशी लग्नात जाणार तशीच तपासायची," ते म्हणाले. फुलवाल्याकडून आदल्या दिवशीचे हार आणले, त्यांवर पाणी मारलं. मागच्या सीटवर नवरदेव, करवल्या आणि पोरंटोरं यांच्या वजनाएवढे कापडाचे गठ्ठे ठेवले. आणि भर दुपारी बाजारतळावर गाडी उभी करून माझ्याकडे बघितलं.

"काय?" मी विचारलं.

"बँड पायजे."

"मामू, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे."

"म्हणून तर. तुमी म्होरं चाललं तर गाडीला बी शिस्त लागंल."

मी बँड झालो. फुलांनी सजलेली गाडी, तिच्यात एकटे मामू आणि नवरदेवाच्या जागी कापडाचा गठ्ठा, आणि पुढे टोपी घालून संथ चालणारा मी. सावलीतल्या पानटपरीवर माणसं जमली.

"सर, कुणाचं लगीन हाय?"

"गाडीचं," मामू आतून ओरडले.

"नवरी कुठली?"

"सोलापूरची. लई खर्चिक हाय."

थोडं अंतर गेल्यावर मामूंनी हॉर्न वाजवला. "सर, आवो नाचा की थोडं. नाचल्याबिगर गाडी थांबणार कशी, आन थांबल्याबिगर कळणार कसं?"

मी नाचलो नाही. फक्त थांबलो आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले. टपरीवरून टाळ्या आल्या. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याचा व्हिडिओ काढला. तो अजून फिरतो असं ऐकतो. गाडी मात्र पूर्ण वेळ एका आवाजात चालू राहिली. संध्याकाळी मामूंनी तक्त्यातले शेवटचे दोन चौकोन बदलले, उपरण्याची घडी घातली आणि ते खांद्यावर टाकलं. पुन्हा उलगडलं नाही.

अप्पांच्या घरचा परण्या सकाळी निघाला. मामूंनी इस्त्रीची शेरवानी आणि जरीची टोपी घातली होती. नवरदेव मागे. मी पुढे, मामूंशेजारी, लॅपटॉपवर शाल पांघरून. नवरदेवाच्या आत्याने वाकून पाहिलं.

"सर, लग्नात बी टीव्ही बघताव का वो?"

मी आकड्यांवरून नजर काढली नाही. ओढ्याचा पूल आला. बँड थांबला. नवरदेवाचे दोस्त सवयीने गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, बाह्या सावरून. मामूंची मुलाकडे नजर गेली. तो गर्दीत, कडेने चालत होता. इंजिनाचा आवाज क्षणभर खाली गेला. मुकादमाचा आकडा दाटकडे सरकला. मामूंचा हात बॉनेटपर्यंत पोहोचणार नव्हता, म्हणून त्यांनी दोन बोटं स्टिअरिंगवर टेकवली. आवाज परत वर आला. सरळ झाला. पोरं नाचून नाचून दमली, बँडने गाणं बदललं, आणि गाडी त्या चढावरून अशी वर गेली की तिला चढ आहे हे कुणी सांगितलंच नसावं. मागे उभ्या पोरांना हातांचं काय करावं कळेना. त्यांनी ते खिशात घातले.

मारुतीचं दर्शन झालं आणि परण्या न थांबता माघारी, मंगल कार्यालयाच्या दारात आला.

दारात कुणी नव्हतं.

आमच्या गावात मामूंची गाडी आहे म्हटल्यावर परण्याला लागणारा वेळ प्रत्येकाने मनातल्या मनात वाढवून धरलेला असे. आचाऱ्यापासून लग्न लावणाऱ्या स्वामींपर्यंत सगळ्यांनी. स्वामी अजून यायचे होते. नवरदेवाला ओवाळायला येणाऱ्या बायका केस विंचरत होत्या. नवरीचे मामा अर्ध्या तोंडाला साबण लावून बाहेर धावत आले, परण्या बघितला आणि तसेच आत गेले. आत कुणीतरी ओरडलं, "आले! आले! भात टाका!" म्हणजे भात अजून टाकायचा होता. अप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. चिडून मामूंना म्हणाले, "येवढ्या लवकर आणायचं काय काम हुतं वो तुमाला?"

मामूंच्या आयुष्यात अशी तक्रार पहिल्यांदाच आली होती. नवरदेव उतरला, करवल्या उतरल्या, मीही उतरलो. मामू इंजिन चालू ठेवून तसेच बसले होते आणि आवाज ऐकत होते. मुलगा येऊन शेजारी उभा राहिला. त्यानेही थोडा वेळ ऐकलं. मग खिशातून मोबाईल काढून ढाबेवाल्याला फोन लावला आणि तीनच शब्द बोलला: "गाडी द्यायची न्हाय."

"बंद करा आता, अब्बा," तो म्हणाला. "पेट्रोल जळतंय."

"बंद न्हाय करत," मामू म्हणाले. "थांबवतो." आणि किल्ली फिरवली.

त्यानंतर काही हंगाम त्या गाडीने पाहिले. परण्याला वेळ कमी धरायची सवय गावाला हळूहळू लागली. मामूंनी तक्त्याला परत हात लावला नाही, मात्र कुणीही भेटलं की दमाविषयीचं ते वाक्य ऐकवत राहिले, आणि मला ते हळूहळू पटू लागलं होतं. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर, सगळं दाखवून झाल्यावर गिऱ्हाइकाने घरातल्या सगळ्यांसाठी कापड घेतलं असावं, तसं समाधान होतं. आता लग्नसराईत त्यांचा मुलगा गाडी चालवतो. सलाम करायला त्याला अजून लाज वाटते, पण जमतंय. समोरच्या ओसरीवर संध्याकाळी कुणी उपरणं घडी घालत नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

ढाबेवाला थांबून राहिला नाही. त्याने भंगारातून एक उघडी गाडी आणली, तिला तसाच मोतिया रंग दिला आणि दाराशी उभी केली. सोलापूर-हैदराबादकडची माणसं तिच्यात बसून फोटो काढतात. मामू गेल्यावर तिच्यापुढे संगमरवराची पाटी बसली आहे आणि पाटीला रोज ताजा हार असतो: 'मामूंची सुप्रसिद्ध गाडी. परण्यात एकदाही बंद पडली नाही.'

परवा मी तिथे चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उचलून पाहिलं. पाटीत चूक काढण्यासारखं काही नाही. त्या गाडीत इंजिनच नाही. ढाबेवाला तिथे कांदे ठेवतो.